नागपंचमीला तवा चढत नाही

आमच्या वाचनालयाच्या देवघेव रजिस्टरचं अख्खं पान गेल्या वर्षी एकाच पुस्तकानं खाल्लं. असं आधी कधी झालं नव्हतं. ड वर्गाचं वाचनालय आहे. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि मधल्या काळातलं वीजबिल कुणाच्या खिशातून भरायचं, हा आमच्या कार्यकारिणीचा बारमाही विषय. सकाळी पेपर वाचायला येणारे आठ-दहा जण, पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची पुस्तकं मागणारी पोरं, आणि दुपारी निव्वळ पंख्याखाली बसायला येणारे एक काकाजी, एवढाच आमचा वाचकवर्ग. तिथं एका कादंबरीसाठी नंबर लागले. प्रत एकच. एकानं ती दोन दिवस ठेवली की तिसऱ्या दिवशी दुसरा त्याच्या घरी जाऊन घेऊन यायचा, आणि रजिस्टरमधली नोंद मागाहून मीच करायचो.

कादंबरी बेचाळीसच्या उठावावरची. तिचं नाव इथं लिहीत नाही, कारण नाव घेतलं की लोक लेखकाच्या बाजूचे नाहीतर विरुद्धचे होऊन बसतात. मला बोलायचंय ते वाचणाऱ्यांबद्दल. ऐतिहासिक कादंबरीवर गावातला माणूस काही बोलला की शहरातली मंडळी दोनच अर्थ काढतात: एक तर त्याच्या भावना दुखावल्या, नाहीतर त्याला साहित्य कळत नाही. गेलं वर्षभर मी ज्या हरकती ऐकल्या त्यातल्या बऱ्याचशा या दोन्ही खणांत बसत नाहीत. काही बसतात, त्याही सांगतो.

बेचाळीस हे आमच्याकडे पाठ्यपुस्तकातून आलेलं साल नाही. 'चले जाव'चा ठराव मुंबईत 8 ऑगस्टला झाला हे सगळ्या देशाला पाठ आहे, पण काँग्रेस कार्यकारिणीनं तो आधी 14 जुलैला वर्ध्यात केला होता, हे आमच्या जिल्ह्यातला माणूस चहा संपायच्या आत तुम्हाला सांगणार. नेते 9 तारखेला पहाटे पकडले गेले. पुढच्या आठवड्यात, 16 ऑगस्ट 1942 ला, आमच्या वर्धा जिल्ह्यात आष्टीला आणि तिकडे चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात चिमूरला एकाच दिवशी भडका उडाला. आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेले. गोळीबार झाला, माणसं पडली, मग जमाव ठाण्यावर तुटून पडला आणि पोलीसही मारले गेले. चिमुरात सरकारी अधिकारी मारले गेले, त्यानंतर फौज आली. अमरावतीकडचं बेनोडा, यावली ही त्याच दिवसांतली गावं. आज त्यांच्या नावाला 'शहीद' जोडूनच लिहितात. आष्टीलाही तसंच. त्या दिवशी तिथी नागपंचमीची होती, म्हणून आष्टीत अजूनही शहिदांची आठवण तारखेनं कमी आणि नागपंचमीला जास्त निघते.

ही तिथी लक्षात ठेवा. कारण पहिली हरकत तिच्यावरूनच आली.

आमच्या गल्लीतल्या एक काकू रात्री सगळं आवरल्यावर वाचतात. चौथ्या दिवशी त्यांनी पुस्तक परत आणलं आणि टेबलावर ठेवता ठेवता म्हणाल्या, "गुरुजी, यानं नागपंचमीच्या दिवशी चुलीवर तवा चढवला."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी पान काढून दाखवलं. नायकाची आई पहाटे उठते, भाकरी थापते, तव्यावर टाकते, फडक्यात बांधून पोराच्या हाती देते. पोरगा मोर्चात जातो. प्रसंग चांगला लिहिलाय, मी वाचला तेव्हा मला कुठं काही खुपलं नव्हतं. पण नागपंचमीला आमच्याकडे तवा चढत नाही. विळी चालत नाही, काही चिरायचं नाही, जमीन खणायची नाही, औत धरायचं नाही. त्या दिवशी सगळं उकडलेलं, वाफवलेलं, लाह्या, फुटाणे. लहान पोरालाही हे माहीत असतं, कारण त्या दिवशी त्याला पोळी मिळत नाही.

मी म्हणालो, "असेल चूक. एवढं काय त्यात."

काकू म्हणाल्या, "तिनं मुद्दाम चढवला असता तं मी रडली असती गुरुजी. पोरगा वापस येत नाई हे तिले समजलं, मंग कायची नागपंचमी, असं लिवलं असतं तं. पण ह्याले ठाऊकच नाई."

एवढी नेमकी समीक्षा मी अलीकडे कुठल्या दिवाळी अंकात वाचलेली नाही. लेखकाच्या हातात अख्ख्या कादंबरीतला सगळ्यात मोठा क्षण आला होता: एका बाईनं आयुष्यभर पाळलेला नेम पोराच्या शिदोरीसाठी मोडला. तो क्षण त्याच्या हातून निसटला, कारण त्याला तो नेमच माहीत नव्हता. याला 'तपशिलातली किरकोळ चूक' म्हणायला मी तयार नाही. उलट, माझा तर्क असा की आष्टीला त्या दिवशी एवढी माणसं मोकळी का होती, याचं उत्तरही त्या नेमातच आहे. श्रावण म्हणजे निंदण-डवरणीचे दिवस. एरवी त्या दिवसांत गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. पण नागपंचमीला औत बंद, खुरपं बंद, बैल गोठ्यात. माणसं गावात होती. कादंबरीकारानं तो सण फक्त मागच्या पडद्यासारखा टांगला. खरं तर घटनेचा पायाच तिथं होता.

दुसरी हरकत याच जातीची, म्हणून लवकर सांगून टाकतो. मोर्चा निघतो तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना 'पांढऱ्याशुभ्र बोंडांनी लगडलेली शेतं' आहेत. एका शेतकऱ्यानं मला विचारलं, "नागपंचमीले कापूस फुटते का हो? त्या टायमाले तं पऱ्हाटी गुडघ्याइतकी रायते." मृगात पेरलेली पऱ्हाटी श्रावणात फुलापात्यावर येत असते, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी लागायला दसरा-दिवाळी उजाडते. नशीब, लेखकानं सोयाबीन नाही पेरलं. ते आमच्याकडे चाळीस वर्षांनी आलं.

आता जड हरकतीकडे येतो.

एक गृहस्थ, वय सत्तरीपुढचं. वाचनालयात याआधी कधी आले नव्हते. नातवानं कादंबरी वाचून दाखवली म्हणाले. उभ्याउभ्याच विचारलं, "माह्या आज्याचं नाव यात काऊन नाई?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. कादंबरी आहे, गाव कल्पित आहे, पात्रं कल्पित आहेत, कुणाचंच खरं नाव नाही. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले. अर्ज. एकावर एक अर्ज, त्यावरचे शिक्के, 'पुराव्याअभावी' असं लिहिलेलं एक पत्र. केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन 1972 मध्ये सुरू केली, तिच्यात सर्वसाधारण अट किमान 6 महिने कैदेची. तुरुंगाचा दाखला हवा, किंवा भूमिगत होतात असं सिद्ध करणारा कागद हवा. यांच्या आजोबांना, घरातल्या सांगण्याप्रमाणे, पकडून नेलं, तीन-चार महिने ठेवलं, हाडं खिळखिळी करून सोडून दिलं. दाखला नाही. सहा महिने नाहीत. ते गेले, मग मुलगा कचेरीत खेटे घालत राहिला, तोही गेला. नातवाला आता पेन्शन नको आहे. ती त्याला मिळणारही नाही. त्याला कुठंतरी छापलेलं नाव हवंय.

इथं मला माझ्या उत्तराची लाज वाटली. उत्तर चुकीचं नव्हतं. पण सरकारी दप्तरानं ज्यांना नाव दिलं नाही, स्मारकाच्या शिळेवर ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांना कादंबरी ही शेवटची नोंदवही वाटते, आणि तसं वाटण्यात त्यांचा काही दोष नाही. शाळेत, सभेत, गावातल्या प्रत्येक भाषणात आम्ही इतिहास सांगतो तो कादंबऱ्यांतूनच. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पानिपत हे मराठी माणसाच्या डोक्यात कुठून आलं? बखरीतून किंवा पत्रांच्या खंडांतून आलेले किती? आम्हीच कादंबरीला इतिहासाच्या गादीवर बसवलं, आणि आता कुणी तिच्या दारात दाद मागायला आला तर म्हणतो, अहो हे तर मनोरंजन आहे.

नावाच्या मागणीतच आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती एका कॉलेजातल्या पोरानं काढली. कादंबरीचा नायक मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा मुलगा, नागपूरला शिकलेला, चष्मा लावणारा, खादीतला. गावातली बाकीची माणसं त्याच्या मागून चालतात. पोरगा म्हणाला, "सर, आष्टीच्या शहिदांत पंची गोंड आहे, रशीद खाँ आहे. मग हीरो मालगुजाराचाच काऊन?" मालगुजारी 1951 मध्ये गेली, पण कादंबरीतून जायला अजून वेळ दिसतो. मी लेखकाच्या बाजूनं थोडं बोलून पाहिलं. शिकलेला नायक घेतला की त्याच्या तोंडून विचार मांडता येतात, वर्ध्याचा ठराव, मुंबईचं भाषण, सगळं आणता येतं. पोरगा हसला. "म्हणजे गोंडाले विचार नसतात?" यावर मी गप्प. ही हरकत लेखकाच्या हक्कावर घाला घालत नाही. नायक कुणाला करायचं हे लेखकानंच ठरवावं. पण ठरवल्यावर त्याचा जाब विचारायचा हक्क वाचकाचा आहे, आणि 'कल्पित आहे' हे त्यावरचं उत्तर नव्हे. कल्पनाच करायची होती तर हीच का केली, असाच तर प्रश्न आहे.

ठाण्यातल्या एका शिपायाच्या बायकोवर एक प्रकरण आहे. नवरा मेल्यावर ती पोरांना घेऊन रात्रीतून गाव सोडते. काही जणांना हे प्रकरण अजिबात आवडलं नाही. शहिदांच्या पुस्तकात पोलिसाच्या बायकोचं रडगाणं कशाला? मला विचाराल तर हे प्रकरण कादंबरीतलं सगळ्यात चांगलं. मेलेले शिपाई विलायतेहून आलेले नव्हते, पगारासाठी खाकी घातलेली इथलीच माणसं होती. यावर मला जास्त बोलायचं नाही.

सगळ्यात मोठा वाद झाला तो खबऱ्यावरून. कादंबरीत एक खबऱ्या आहे, पोलिसांना नावं सांगणारा. आडनाव दिलेलं नाही, पण धंदा दिलाय, घराची दिशा दिलीय, एका पायानं अधू असल्याचं दिलंय. गाव कल्पित असलं तरी आमच्या पंचक्रोशीत प्रत्येकानं बोट ठेवलं ते एकाच घरावर. त्या घरातले तिघे जण कार्यकारिणीच्या बैठकीला आले. पुस्तक कपाटातून काढा. नाही काढलं तर आम्ही तहसीलला निवेदन देतो.

बैठक दोन तास चालली. एक सदस्य म्हणाले, काढून टाकू, एका पुस्तकासाठी गावात कशाला वैर. दुसरे म्हणाले, पुस्तक राहू द्या, ते पान फाडू. (हा सदस्य आमचा कोषाध्यक्ष. पान फाडण्याची सूचना त्यानं गंभीरपणे केली.) मी विरोध केला. पुस्तक काढायचं नाही, पान फाडायचं नाही. एका घरानं मागितलं म्हणून आज हे काढलं तर उद्या प्रत्येक कपाटाला एक घर मिळेल.

पण त्या तिघांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही, नेऊही नये. लेखक इथं चलाखी करतो. सुरुवातीच्या पानावर बारीक अक्षरात: सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक, साम्य आढळल्यास योगायोग. आणि मागच्या कव्हरवर ठळक अक्षरात: सत्य घटनेवर आधारित थरारक कहाणी. कोर्टासाठी एक, गिऱ्हाइकासाठी दुसरं. खबऱ्याच्या घरच्यांनी विचारलं, की गुरुजी, यातलं खरं कोणतं? त्यांचा प्रश्न कायद्याचा नव्हता, व्याकरणाचा होता म्हणा ना. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. लेखकानं शेवटी दोन पानं जोडून सांगितलं असतं, की आष्टीचा गोळीबार, तिथी, चिमूरची फौज हे घडलेलं. हा खबऱ्या, त्याचा अधू पाय, त्याचं घर हे माझ्या मनचं. तर त्या घराच्या हातात निदान एक कागद आला असता. बाजारात 'सत्य' विकलं जातं, म्हणून ती दोन पानं लिहिली जात नाहीत.

चिमूरच्या भागाबद्दल लिहायला हात अडतो, पण ते टाळलं तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. चिमूर तीन दिवस स्वतंत्र होतं, असं आमच्याकडे व्यासपीठावरून दरवर्षी सांगतात. रस्ते अडवलेले होते, सरकार नावाची गोष्ट गावात उरली नव्हती, फौज पोचायला वेळ लागला. त्याला स्वातंत्र्य म्हणायचं की श्वास रोखून काढलेले दिवस, हे तिथं राहिलेल्यांनी सांगावं. फौज आल्यावर पुरुष पकडले गेले, पळाले, गावात उरल्या बाया. त्यांच्यावर अत्याचार झाले. नागपूरहून माणसं गेली, बायांनी त्यांना सांगितलं. सरकारनं चौकशी नाकारली. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी दिल्लीला बापूजी अणे यांच्या दारी गेले, आमच्या यवतमाळचे अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. चौकशी करा, एवढंच मागणं. काही झालं नाही. मग भन्साळींनी उपास धरला, आणि तो 63 दिवस चालला. 12 जानेवारी 1943 ला सुटला. मधल्या काळात चिमूरची बातमी छापायलाच बंदी होती, म्हणून वर्तमानपत्रांनी एक दिवस अंकच काढला नाही.

म्हणजे चिमूरच्या बायांची गोष्ट ही अत्याचाराची आहेच, पण तेवढीच ती न ऐकण्याची गोष्ट आहे. त्यांनी तोंड उघडलं आणि दप्तरानं म्हटलं, खोटं.

कादंबरीत अत्याचाराचा प्रसंग चार पानं चालतो. कपडे, आवाज, रक्त, सगळं. भन्साळींचा उपास एका परिच्छेदात उरकलाय. आमच्याकडे एक आशाताई पुस्तकं नेते, गावोगाव फिरते, बायांचं ऐकणं हेच तिचं निम्मं काम. ती म्हणाली, "सर, त्यायनं एकदा सांगतलं होतं. तवा कोणी खरं मानलं नाई. आता ह्यानं चार पानं लिवले, आन् माणसं म्हणतात काय जबरदस्त लिवलं."

मी लेखनस्वातंत्र्यावर श्रद्धा असलेला माणूस आहे, वर पान फाडायला विरोध केला तो म्हणूनच. लेखकाला ही चार पानं लिहायचा हक्क आहे. पण हक्क आहे म्हणून ती चांगली ठरत नाहीत. माझ्या मते लेखकानं दाराबाहेर थांबायला हवं होतं, आणि ती चार पानं त्या ओटीवर द्यायला हवी होती जिथं एक बाई परक्या गावच्या माणसांना पदर सावरून सांगते आहे, आणि ते लिहून घेत आहेत. तिथं खरी कादंबरी होती. तशीच आणखी एक जागा त्यानं गमावली. आष्टी-चिमूरच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे त्या माणसांच्या जिवासाठी धावपळ करत राहिल्या, आणि शेवटच्या शिक्षा 1945 मध्ये जन्मठेपेत बदलल्या. दोर डोळ्यांसमोर ठेवून काढलेली ती वर्षं, सामुदायिक दंडासाठी विकलेली भांडी, वकिलापायी गेलेले बैल. कादंबरीत यातलं काहीच नाही, कारण नायक गोळीबारातच मरतो आणि त्याच्या चितेबरोबर पुस्तक संपतं. उठावाचा दिवस सगळ्यांना लिहावासा वाटतो. उठावानंतरचा मंगळवार कुणी लिहीत नाही.

आता माझा स्वतःचा गुन्हा. गेल्या 15 ऑगस्टला जवळच्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि मी परीक्षक. आठवीतल्या एका मुलीनं बेचाळीसवर भाषण केलं. शेवटी तिनं मूठ वळून आष्टीच्या हुतात्म्याचे अखेरचे शब्द म्हटले. अंगावर काटा आला. पालकांच्या डोळ्यांत पाणी. आम्ही तिला एकमतानं पहिला नंबर दिला. घरी येताना गाडीवर मला आठवलं, की हे शब्द मी वाचलेत. कादंबरीच्या शेवटून तिसऱ्या पानावर. त्या कल्पित नायकाच्या तोंडी लेखकानं घातलेले. पोरीचा दोष नाही. तो परिच्छेद आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन आठवडे फिरत होता, खाली 'आष्टीचा इतिहास, जरूर वाचा' असं लिहून. ग्रुपवर मीही आहे. मी त्याला हात जोडल्याची खूण टाकली होती.

म्हणून माझं म्हणणं लेखकापेक्षा आपल्याला आहे. कादंबरीकडे पुरावा मागू नये, हे मला मान्य. कुणी म्हणेल, लेखकानं दप्तर चाळावं की नाही? चाळावं, त्याचा त्यालाच फायदा आहे, तवा आठवा. पण पुराव्याची सक्ती नको. मग दुसरी अटही पाळायला हवी: कादंबरी पुरावा म्हणून वापरायचीही नाही. भाषणात नाही, फलकावर नाही, चिमूरला जिल्हा करा या मागणीच्या पत्रकात नाही (मागणी रास्त आहे, ती दप्तराच्या जोरावर उभी राहू शकते), आणि शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवायला तर मुळीच नाही. खबऱ्याच्या घरावर बोट ठेवलं ते लेखकानं नव्हे, आपण. लेखकानं अधू पाय दिला, घराचा पत्ता आपण पुरवला. आणि जे लोक बैठकीत मला सांगत होते, की अहो कादंबरीच आहे ती, एवढं काय मनाला लावून घेता, तेच पारावर बसून सांगत होते, की आता छापूनच आलंय, आम्ही आधीपासून म्हणत होतो.

पहिली सूट घेणारा माणूस दुसरी अट मोडतो, हे मी वर्षभरात इतक्या वेळा पाहिलं की आता वाद घालायचा कंटाळा येतो.

शेवटी बैठकीत ठराव झाला तो असा. पुस्तक कपाटातच राहील. त्याच्या शेजारी एक दोनशे पानी वही ठेवायची. बेचाळीसबद्दल ज्याच्या घरी जे सांगितलं जातं ते त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं. कुणी सांगितलं, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, हेही लिहायचं. लिहिता येत नसेल तर मी लिहून घ्यायचं आणि खाली अंगठा. दुसऱ्याच्या घराबद्दल लिहायचं नाही. कोषाध्यक्षानं वहीचे पैसे मंजूर केले, पेनाचे नाही.

प्लास्टिकच्या पिशवीतले कागद घेऊन आलेले गृहस्थ पहिले. त्यांनी आजोबांचं नाव, पकडून नेल्याचा महिना, आणि परत आले तेव्हा घरच्या कुत्र्यानं त्यांना ओळखलं नाही, असं लिहिलं. तेवढंच. काकूंनी तवा लिहिला नाही. त्यांनी लिहिलं, की त्यांची सासू त्या दिवशी वारुळाला गेली होती आणि गोळ्यांचा आवाज तिला फटाक्यांसारखा वाटला. कुणीतरी एका मामाजींचं गाणं उतरवलंय. आशाताईनं तिच्या आजीचं एक वाक्य लिहून खाली रेघ ओढली आणि पुढचं पान रिकामं सोडायला सांगितलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी, खबऱ्याचं म्हणून ज्या घरावर बोट ठेवलं होतं, त्या घरातला नातू आला. त्यानं वही घरी न्यायला मागितली. वही बाहेर द्यायची नाही असं ठरलेलं आहे. मी दिली, रजिस्टरमध्ये नोंद केली नाही. पाचव्या दिवशी त्यानं ती टेबलावर ठेवली आणि पेपर चाळत बसला, माझ्याकडे न बघता. तो गेल्यावर मी उघडली. पानावर वर तारीख होती आणि त्याच्या पणजोबांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. खाली पान कोरं होतं.